पाणी ओळखणारे वॉलमन

वॉलमन पाणी पीत नसत, तपासत. पेला हातात आला की आधी तो उजेडाकडे धरायचे. मग एक घोट तोंडात घेऊन या गालातून त्या गालात फिरवायचे, आणि तेवढा वेळ समोरच्या माणसाकडे असं बघायचे की त्याला आपल्या हातून काही गुन्हा घडल्यासारखं वाटावं. घोट गिळला की निकाल. "शीळच्या धरणाचं आहे. काल संध्याकाळी भरलेलं. भांडं घासलेलं नाय." या शेवटच्या वाक्यामुळे आमच्या पेठेतल्या बऱ्याच घरांत त्यांना दुसऱ्यांदा पाणी विचारलं गेलं नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "तहानेला पिणारा वेगळा," ते म्हणायचे. "मी बघायला पितो."

त्यांचं आडनाव जाधव. नगरपरिषदेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडायची आणि बंद करायची नोकरी त्यांनी चौतीस वर्षं केली, त्यामुळे निम्मं गाव त्यांना वॉलमन म्हणे आणि उरलेलं निम्मं जाधवकाका. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे घरातून निघत. कुठल्या आळीला किती वाजता पाणी येणार हे त्यांच्या हातात असल्याने पेठेत लग्नाची तारीख काढताना आधी त्यांना विचारलं जाई आणि मग भटजींना. भटजी एकदा त्यावरून रुसले. वॉलमन त्यांना म्हणाले, "तुमचा मुहूर्त चुकला तर संसार बिघडंल. माझा चुकला तर जेवणावळ बिघडंल. लोक कशाला भितात तुम्हीच सांगा."

पाण्याबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. पाणी दमलंय, पाणी रागात आहे, पाण्याला आज कोणीतरी घाई केली आहे. हे सगळं एकाच आवाजात, चेहऱ्यावरची रेष न हलवता. सुरुवातीला मला ते थट्टा करतात असं वाटे. पुढे कळलं की त्यांनी आयुष्यात थट्टा केलेलीच नव्हती. लोक हसत तेव्हा ते थांबून राहत, आणि हसणं संपलं की पुढचं वाक्य बोलत.

जुन्या पेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. दुकान ज्या इमारतीत होतं तिच्या मागच्या आवारात चिऱ्यांनी बांधलेली एक विहीर होती. नळ आल्यावर तिच्याकडे कोणी फारसं फिरकत नसे. पण वॉलमन उन्हाळ्यात न चुकता तिच्यात ब्लिचिंग पावडर टाकून जात. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी साडेआठला माझ्या दुकानात येऊ लागले. विहिरीतून एक कळशी काढायची, एक पेला प्यायचा, निकाल द्यायचा आणि मग स्टुलावर बसून वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचत जायचं. "पहिल्या पानावर जे असतं त्याचा शेवट आधी मागल्या पानावर छोट्या अक्षरांत येऊन गेलेला असतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

इमारतीच्या मालकांचे वारस मुंबईत. त्यांनी जागा एका बिल्डरला दिली. पेठेचा कायापालट होणार, असं सांगणारा मोठा फलक रस्त्यावर लागला. फलकावरच्या चित्रात पाच मजली काचेची इमारत होती आणि तिच्यासमोर गोरी, उंच माणसं कुत्री फिरवीत होती. रत्नागिरीत त्या वर्णाची माणसं मी पाहिलेली नाहीत. सगळ्या भाडेकरूंची सभा झाली. बिल्डर गोड बोलणारा होता, चहाबरोबर पॅटिस होते. वॉलमन भाडेकरू नव्हते, तरी येऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी नकाशा खालून वर आणि वरून खाली पाहिला.

"हीर कुठाय?"

"विहिरीच्या जागी लँडस्केपिंग आहे, काका," बिल्डर म्हणाला.

"ते पितात?"

सगळे हसले. वॉलमन थांबले. हसणं संपल्यावर म्हणाले, "ही हीर आटत नाय. मी चौतीस वर्षं बघतोय. गावात टँकर फिरले तेव्हासुद्धा हिच्यात दोन पुरुष खोल पाणी होतं. बुजवू नका." बिल्डरने मुद्दा लिहून घेतल्यासारखं केलं. नंतर सह्या झाल्या. सगळ्यांनी केल्या, मीही केली. मला आधीच्या दुप्पट जागा मिळणार होती, शटर विजेवर चालणारं. दुसऱ्या दिवशी वॉलमन नेहमीच्या वेळी आले, पाणी प्यायले, स्टुलावर बसले. वर्तमानपत्र उघडता उघडता एवढंच म्हणाले, "शेट, तुमची सही चांगली आहे. वळणदार."

आम्हाला रस्त्याच्या कडेला पत्र्याचे गाळे मिळाले. इमारत पाडली गेली. चिऱ्यांचे ढीग पडले, आणि शेवटी त्याच चिऱ्यांनी विहीर भरायची असं ठरलं होतं. भोवती निळे पत्रे ठोकले. वॉलमननी त्यातल्या एका पत्र्याला पडलेलं भोक शोधून काढलं. रोज साडेआठला त्या भोकाला डोळा लावून ते आत पाहत आणि मग माझ्याकडे येत. मी घरून आणलेलं पाणी देई. ते पीत, पण निकाल देत नसत.

अशातच शर्वरी आली. खेडकडची मुलगी, तिशीच्या आतबाहेरची. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत पाच वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. मग पुण्याला जाऊन बिअर करायला शिकली. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मागची जागा घेऊन तिथे छोटी ब्रुअरी काढायची, असा तिचा बेत होता. पेठेत ही बातमी पसरली ती अशी: पहिल्या दिवशी ब्रुअरी, दुसऱ्या दिवशी दारूचा कारखाना, तिसऱ्या दिवशी भट्टी. चौथ्या दिवशी भजनी मंडळाने निषेधाचं पत्र लिहायला माझ्याकडूनच कागद नेले. पाचव्या दिवशी मंडळातल्या दोघांनी येऊन मला हळूच विचारलं, की तिथे बसायची सोय असणार का.

शर्वरीला विहीर हवी होती. आपल्या जांभ्या दगडातलं पाणी मऊ असतं, बिअरला फार चांगलं, असं ती म्हणे. बिल्डरला मात्र विहीर नको होती. विहिरीपायी गाड्या लावायच्या चार जागा जात होत्या. त्याने तिला सांगितलं, की ही विहीर एप्रिलमध्ये आटते आणि उरलेल्या पाण्याला वास येतो. खरं काय ते विचारायला ती माझ्या गाळ्यात आली. मी स्टुलाकडे बोट दाखवलं.

"काका, विहिरीचं पाणी बारा महिने असतं का?"

वॉलमननी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कशाला पाह्यजे?"

"बिअरला."

त्यांनी वर्तमानपत्र परत उचललं. "मग विचार करावा लागंल," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी घडी घातली, छत्री घेतली आणि निघून गेले. पुढचे आठ दिवस ते आले नाहीत.

ते का आले नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ वसंता दारूने गेला होता. शेवटी शेवटी तो रस्त्यात पडलेला असायचा, आणि पहाटेच्या फेरीला निघालेले वॉलमन आधी त्याला घरी पोचवून मग पाणी सोडायचे. पेठेला त्या काळात पाणी दहा मिनिटं उशिरा यायचं. वसंता गेला त्या आठवड्यात वॉलमन आपल्या बौद्धवाडीच्या मागच्या ओढ्यावर गेले आणि तिथल्या हातभट्टीचे तीन हंडे त्यांनी व्हॉल्व्हच्या चावीने फोडले. सरकारी चावी खासगी कामाला वापरली म्हणून त्यांनी स्वतःच साहेबांकडे जाऊन माफीनामा दिला. बौद्धवाडीतल्या विहाराच्या कमिटीचे ते अध्यक्ष होते. दर पौर्णिमेला पंचशील म्हणायचे, आणि पाचवं शील, नशा न करण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा, असं वाडीतली माणसं सांगत.

आणि आता, विहीर वाचवायची तर दारूवालीला खरं सांगायला हवं होतं. गप्प राहिले असते, किंवा आटते म्हणाले असते, तर ब्रुअरी आली नसती, आणि चिरे विहिरीत गेले असते.

नवव्या दिवशी साडेआठला ते आले. मला शर्वरीला फोन करायला सांगितला. ती येईपर्यंत उभेच राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "हीर आटत नाय. पाणी हलकं आहे, लोखंड नाय, वास नाय. फक्त मेअखेर पंधरा दिवस मचूळ होतं. समुद्र विचारपूस करायला येतो. तेव्हा तुमचं काम बंद ठेवा. हे खरं आहे ते सांगितलं. खोटं पाण्याबद्दल मला बोलता येत नाय. तुम्ही त्याचं काय करता, ते मला पटत नाय."

शर्वरी म्हणाली, "चालेल, काका."

"चालेल नका म्हणू. माझी एक अट आहे. पंपाची पहिली लाइन रस्त्यावर काढायची. दुकानाच्या बाहेर नळ. कोणी पण यावं, प्यावं, भरून न्यावं. तुमच्या टाकीला पाणी त्याच्या नंतर. आणि नळावर कोणी माणूस उभा करायचा नाय."

"माणूस कशाला उभा करू?"

वॉलमन आता स्टुलावर बसले. मग पहिल्यांदाच मी त्यांना या विषयावर बोलताना ऐकलं. "माझी आजी या हिरीवर पाण्याला यायची," ते म्हणाले. "आवाराच्या दाराबाहेर बसायची. कोणाला सवड झाली तर तो कळशी काढून वरून तिच्या हंड्यात ओतायचा. कधी दुपार व्हायची. तिला हिरीचा काठ कसा आहे ते ठाऊक नव्हतं. मी नोकरीला लागलो, आणि पहिल्या उन्हाळ्यात हिच्यात औषध टाकायला मला पाठवलं. मी काठावर उभा राह्यलो. घरी जाऊन आजीला सांगितलं, काठ चिऱ्याचा आहे, चार बोटं झिजलेला. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, कुठल्या बाजूनं झिजलाय."

शर्वरीने अट मान्य केली. बिल्डरने केली नाही. रस्त्यावर नळ म्हणजे चिखल, हंड्यांची रांग, इमारतीची शोभा जाईल, असं त्याचं म्हणणं. शर्वरी म्हणाली, नळ नाही तर मीही नाही. तळमजल्याच्या त्या अंधाऱ्या मागच्या जागेला दुसरं गिऱ्हाईक मिळत नव्हतं, म्हणून बिल्डर नमला. करारात नळाचं कलम आलं. ते वॉलमननी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि तिसऱ्यांदा एका ठिकाणी 'पिण्यास' या शब्दानंतर 'कोणासही' हा शब्द घालायला लावला.

वाडीत मात्र भडका उडाला. विहारात सभा बोलावली गेली. मी तिथे नव्हतो, पण मोहिते गुरुजींनी नंतर स्वतः मला सांगितलं. गुरुजी निवृत्त शिक्षक, वॉलमनचे लहानपणापासूनचे मित्र आणि कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनीच सभेत उभं राहून विचारलं, "अध्यक्ष, तुम्ही हंडे फोडलेत. आता तुमच्या शब्दावर पेठेत बिअरच्या टाक्या बसणार. पोरांना आम्ही काय सांगायचं?"

वॉलमन म्हणाले, "पोरांना सांगा, अध्यक्ष चुकला असंल."

"असंल म्हणजे? चुकलात की नाही?"

"ते मला कळलेलं नाय, गुरुजी. आठ दिवस विचार केला. हीर बुजवली असती तर मी बरोबर ठरलो असतो, आणि हीर नसती." मग त्यांनी विहाराच्या किल्ल्या सतरंजीवर ठेवल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. पुढच्या पौर्णिमेला ते वंदनेला मागे, दाराजवळ बसले. त्यानंतर कायम तिथेच बसत. गुरुजी त्यांच्याशी जयभीमपुरतं बोलत, आणि त्यापुढे काही नाही. पन्नास वर्षांची मैत्री त्या एका शब्दावर आली. त्याबद्दल वॉलमन माझ्याकडे कधी बोलले नाहीत. पण वर्तमानपत्र वाचताना, पूर्वी गुरुजी ज्या वेळेला दुकानावरून जायचे, त्या वेळेला ते अजूनही एकदा मान वर करून रस्त्याकडे बघत.

ब्रुअरी सुरू झाली. माझं नवं दुकान रस्त्याच्या बाजूला, तिची जागा मागे, आणि दोहोंच्या मध्ये नळ. शर्वरीने वॉलमनना रोज पाणी तपासायला बोलावलं. त्यांनी विहिरीच्या आवारापर्यंत यायचं कबूल केलं, त्या पलीकडे स्टीलच्या टाक्या होत्या तिकडे पाऊल टाकणार नाही असं बजावून. एकदा तिने त्यांना एका भांड्यात गरम, तपकिरी काहीतरी आणून दिलं. "काका, हे फक्त धान्याचं पाणी. अजून यीस्ट घातलेलं नाही. यात नशा नाही." त्यांनी खात्री करण्यासाठी माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्या विषयातला जाणकार होतो. मग घोट घेतला. बराच वेळ फिरवला.

"पेजेसारखं आहे. गोड," ते म्हणाले. "हे इथंच थांबवता येत नाय?"

"थांबवलं तर लोक येणार नाहीत, काका."

"मग अडचण लोकांची आहे," वॉलमन म्हणाले आणि भांडं रिकामं करून परत दिलं.

पहिल्या मे महिन्यात, वीस तारखेच्या सुमारास, त्यांनी घोट घेऊन सांगितलं, "आजपास्नं बंद." शर्वरीने क्षार मोजायचं यंत्र बुडवून पाहिलं. आकडा चालण्यासारखा होता. सुट्टीचे दिवस, मुंबईहून चाकरमानी आलेले, गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या पेठेत थांबत होत्या. तिने काम चालू ठेवलं. तीन आठवड्यांनी त्या टाकीतली बिअर निघाली. तिने चाखली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. रडली असावी, कारण डोळे लाल होते. मग उठून तिने सगळी टाकी मोरीत सोडून दिली. वॉलमन विहिरीच्या काठाशी उभे राहून फेसाचा तो ओहोळ जाताना पाहत होते. फेस संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"मी तीन हंडे फोडले होते," ते म्हणाले. "ही पोरगी माझ्या पुढं गेली."

त्या दिवसापासून ते तिला मॅडम म्हणायचे बंद झाले. ती 'बाय' झाली. "बाय, जेवलीस?" "बाय, पंपाचा आवाज बरा नाय, बघ जरा." ती त्यांच्यासाठी घरून भाकरी आणी. बघता बघता गावात आणखी दोन ब्रुअऱ्या आल्या, एक स्टेशनच्या रस्त्याला आणि एक किनाऱ्याकडे. कोकमाची, हापूसची, नाचणीची बिअर निघाली. काचेच्या पलीकडे संध्याकाळी दाढीवाली मुलं बसू लागली, लॅपटॉप घेऊन. भजनी मंडळातले ते दोघेही कोपऱ्यात दिसत. आणि काचेच्या अलीकडे नळावर भाजीवाल्या, रिक्षावाले, शाळेतली पोरं, कोणीही. चिखल झाला, हे बिल्डर म्हणाला होता ते खरं ठरलं. वॉलमननी तिथे चार चिरे आणून बसवले.

गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, वेळ लागेल. ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी ते आले, पेला उजेडाकडे धरला, घोट घेतला, फिरवला. आम्ही निकालाची वाट पाहत होतो. त्यांनी पेला खाली ठेवला.

"आज काय नाय," ते म्हणाले. "पाणी बोलतच नाय."

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेला शर्वरीच्या हातात दिला. "तू पी." ती प्यायली. "जिभेच्या टोकाला काय वाटतं? मागं काय राहतं? घाई करू नको. गिळल्यावर मोज पाच." ती गोंधळून जाई, काहीतरी सांगे. मग माझ्या लक्षात आलं की ते तिचं बोलणं ऐकतच नाहीत. तिच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि तिच्या भुवया, ओठ पाहून पाणी कसं आहे ते ओळखतात. तिने "ठीक आहे" म्हटल्यावर एकदा ते म्हणाले, "ठीक नाय. तुझं नाक आक्रसलं. पाऊस आत झिरपतोय, कठड्याची वरची फट बुजवून घे." फट होती. बुजवली.

त्या दिवसांतच एकदा दुकानात आम्ही दोघेच असताना मी त्यांना विचारलं. बरीच वर्षं विचारायचं होतं. "काका, तुमच्या आजीला पाणी ओतायचे ते कोण असायचे?"

"आवारातले दुकानदार."

"नाव सांगायची का ती?"

"सांगायची. कोण चटकन उठायचा, कोण बसवून ठेवायचा, सगळं सांगायची."

माझ्या आजोबांचं दुकान तेव्हा त्याच आवारात होतं. मी धीर करून म्हटलं, "आमचे आजोबा कसे होते?"

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रत्येक व्हॉल्व्हला किती आटे होते ते पाठ होतं, तो माणूस म्हणाला, "विसरलो ओ, शेट." आणि मग, पान नीट सारखं करीत, "तुम्ही पण विसरा."

दिवाळीच्या आधी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. चव परत आली नव्हती. निरोप आला तेव्हा शर्वरी आवारात होती. तिने पंप बंद केला आणि ब्रुअरीला तीन दिवस कुलूप लावलं. नळ मात्र चालू ठेवला.

जलदान विधीचं, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची धार सोडायच्या बौद्ध विधीचं, बोलावणं मला आलं. तिला आलं नाही. "मी आले तर चालेल का?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. ती आली. पांढरा ड्रेस, आणि हातात विहिरीच्या पाण्याची कळशी, पदराखाली झाकावी तशी ओढणीखाली झाकलेली. विहार भरला होता. आम्ही मागे, दाराजवळ बसलो. आमच्या शेजारची सतरंजीवरची एक माणसाएवढी जागा कोणी घेतली नव्हती.

आदरांजलीला मोहिते गुरुजी उभे राहिले. थकले होते, भिंतीला हात लावून उभे होते. "जाधव चुकले, असं मी याच जागी म्हणालो होतो," ते म्हणाले. "आजही म्हणतो. पण इतका सरळ चुकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी बरोबर होतो, आणि तीन वर्षं माझ्या मित्राशी बोललो नाही." पुढे त्यांना बरंच बोलायचं होतं, हातात कागद होता. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मग त्यांची नजर मागे आली, शर्वरीवर आणि तिच्या ओढणीवर. आता काय होतंय म्हणून सगळे वळले.

"पाणी आणलंयस का, बाय?" गुरुजींनी विचारलं. "मग तिथं काय बसलीस? पुढं आण."

ती पुढे गेली. विधीसाठी भरून ठेवलेला तांब्या गुरुजींनी बाजूला केला आणि कळशीतलं पाणी दुसऱ्या तांब्यात घेतलं. वॉलमनचा मुलगा, सून, नातवंडं तांब्याला हात लावून बसली. बौद्धाचार्य गाथा म्हणू लागले. खाली पितळेचं ताट ठेवलं होतं. मुलाने मान वळवून मला हाक मारली, "शेटकाका, तुम्ही पण या. बाबांनी सांगून ठेवलंय."

कधी सांगितलं, काय म्हणून सांगितलं, ते मी विचारलं नाही. पुढे जाऊन गुडघ्यावर बसलो. बोटं टेकण्यापुरती जागा होती तिथे हात लावला. धार बारीक ठेवायची होती. माझ्या हाताचा भार पडून धार जाड व्हायला लागली तसं शेजारच्या शर्वरीने माझं मनगट धरलं, आणि ताट काठोकाठ भरेपर्यंत सोडलं नाही.